लसणाचे तेल : कानातले, कॅप्सूलमधले आणि बरणीतले

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या कल्याणच्या दवाखान्यात आली. मूल रात्रभर कान धरून रडले होते. पहाटे दादीने पळीत खोबरेल तापवले, त्यात लसणाच्या चार पाकळ्या लाल होईपर्यंत परतल्या आणि तेल कोमट झाल्यावर कापसाच्या बोळ्याने कानात सोडले. सकाळी कान वाहू लागला. आई हे सगळे हळू आवाजात सांगत होती, कारण दादी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. "मी नको म्हणाले होते, डॉक्टरबाई. पण अम्मींना कसे अडवणार?"

तपासले तर कानाच्या पडद्याला छिद्र होते. ते तेलाने पडले, असे मी म्हणणार नाही. सर्दीनंतर पडद्याच्या आत पू साठतो, दाब वाढतो आणि कधी कधी पडदा आपोआप फुटतो. फुटला की दाब सुटतो, ठणका एकदम थांबतो आणि मूल शांत झोपते. घरातल्यांना वाटते, तेलाने गुण आला! आपल्याकडे या तेलाची कीर्ती टिकून राहण्यामागे हे एक मोठे कारण असावे, असे मला वाटते.

पडदा शाबूत असेल, तर कानात घातलेले तेल आतल्या पुवापर्यंत पोचतच नाही. पडदा फुटलेला असेल, तर तेल आणि त्यातला लसणाचा कीस थेट मधल्या कानात जातो, आणि तिथे तो जायलाच नको. पडदा शाबूत आहे की फुटलेला, हे घरात बसून कुणालाच दिसत नाही. शिवाय कोमट म्हणजे किती कोमट, याचे माप प्रत्येकीचे वेगळे. 2001 मध्ये लसूण आणि इतर वनस्पतींच्या थेंबांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचा ठणका कमी झाला खरा, पण डॉक्टरांनी आधी कान तपासलेली मुले होती ती, आणि थेंब तयार औषधाचे होते.

बहुतेक मुलांचा पडदा काही आठवड्यांत भरून येतो. काहींचा येत नाही. कान वाहतच राहतो आणि ऐकू कमी येते. अशा मुलाला घरात "हाक मारली तरी ऐकत नाही" म्हणून बोलणी बसतात आणि शाळेत ते मागच्या बाकावर मागेच पडते. म्हणून कान दुखला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे आणि कान तपासून घ्यावा. कान वाहत असेल, ताप असेल, कानामागे सूज असेल किंवा मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, तर त्याच दिवशी. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

मग मी दादींना आत बोलावले. "सहा लेकरे वाढवली मी याच तेलावर," त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. पायाला आणि पाठीला त्यांनी लसूण-ओव्याचे तेल गाळून खुशाल चोळावे. फक्त वाटलेला कच्चा लसूण बाळाच्या अंगावर बांधू नये, त्याने कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात. कानात मात्र काही नाही, एवढे त्यांनी कबूल केले.

निघताना त्यांनी सहज विचारले, लसणाच्या तेलाच्या कॅप्सूल दोन घेतल्या तर चालतील का? त्या रोज एक घेत होत्या. मशिदीत जाताना कच्च्या लसणाचा वास नको, म्हणून त्यांच्या यजमानांनी आधी सुरू केल्या, मग यांनी. दादींच्या हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या चालू आहेत. पुढच्या आठवड्यात दाढ काढायची होती. दाताच्या डॉक्टरांना कॅप्सूलबद्दल सांगितले का? "ते काय औषध आहे?"

लसणाची पाकळी ठेचली की तिच्यात ॲलिसिन तयार होते. उग्र वास त्याचाच. ते फार काळ टिकत नाही. तेलात मुरवलेल्या लसणात त्यापासून अजोईनसारखी गंधकयुक्त द्रव्ये बनतात आणि ती रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. एरवी हा गुण वाटेल, पण ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन घेणाऱ्याच्या बाबतीत रक्तस्रावाचा धोका त्याने वाढू शकतो. शस्त्रक्रियेच्या किमान सात दिवस आधी अशा कॅप्सूल बंद कराव्यात, असा सर्वसाधारण सल्ला आहे. दाढेची तारीख दादींनी पुढे ढकलली. रक्ताच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे मी दोनदा सांगितले.

फायदा काहीच नाही का? आहे, बेताचा. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, त्यांचा तो लसणाच्या पूरकांनी थोडा उतरतो, कोलेस्टेरॉलही किंचित. पण ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांची जागा कॅप्सूल घेऊ शकत नाही. जळजळ, ढेकर, तोंडाला आणि घामाला वास, हा त्रास तर आहेच. आमटी-सालनातल्या फोडणीच्या लसणाला मात्र यातले काही लागू नाही; तो बिनधास्त खा.

आता स्वयंपाकघरातली एक गोष्ट, जिची मला कानाइतकीच काळजी वाटते. रमजानच्या आधी आपण आले-लसणाचे वाटण करून ठेवतो आणि वर तेलाचा थर देतो. लसूण जमिनीतला, त्यावर बोटुलिझमचे जीवाणू बीजरूपाने असू शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणा नाही. ओट्यावर बरणी राहिली तर ते वाढून विष तयार करतात. परतल्याने ही बीजे मरतीलच असे नाही, आणि वास-चवीवरून काही कळत नाही. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका हॉटेलातल्या तेलातल्या लसणामुळे 36 जणांना बोटुलिझम झाला. एकाची दोन दिसणे, पापण्या जड होणे, जीभ अडखळणे, घास गिळता न येणे, मग श्वास अडकणे, अशी ही लक्षणे. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

वाटण फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे. महिन्याचे हवे असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला टाकावे आणि रोज इफ्तारीच्या वेळी दोन वड्या काढाव्यात. तासन् तास वीज जाऊन वड्या वितळल्या, तर त्या फेकून द्याव्यात, लसूण कितीही महाग असला तरी.