दोन भोकं आणि लाल झालेला मेट

कॅडमध्ये असेंब्ली करताना एखादा मेट लाल झाला की आमच्याकडची पोरं पहिल्यांदा काय करतात? तो मेट उडवतात आणि पार्ट सरळ 'फिक्स' करून टाकतात. चित्र दिसायला झकास! माझ्या मते मात्र ही निव्वळ पळवाट आहे आणि तिची किंमत शॉप फ्लोअरवरचा फिटर कानस घासून चुकवतो.

घरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मोकळ्या वस्तूला ६ प्रकारे हलता येतं. ३ दिशांना सरकणं आणि ३ अक्षांभोवती फिरणं. मेट लावायचा म्हणजे यातल्या हव्या त्या हालचाली बंद करायच्या. आता दोन भोकांची एक प्लेट दोन पिनांवर बसवायची आहे. बहुतेक जण बूड टेकवतात आणि दोन्ही भोकांना कॉन्सेंट्रिक मेट लावतात. दोन्ही पार्टमध्ये अंतर ८० मिमी आहे तोवर सॉफ्टवेअर निमूटपणे ऐकतं. उद्या कुणी एकात ८०.१ केलं की 'ओव्हर-डिफाइन्ड'! मग सॉफ्टवेअरला शिव्या.

अहो, पण ते खरं तेच सांगतंय ना! लोखंडात दोन अंतरं तंतोतंत सारखी येतच नाहीत. जिग-फिक्स्चरवाले हे पक्कं ओळखून असतात. म्हणून ते एक पिन गोल ठेवतात आणि दुसरी डायमंड, म्हणजे दोन बाजूंनी तासलेली. बुडाने ३ हालचाली अडवल्या, गोल पिनने २, डायमंडने १. झाल्या की ६! (चुलीला दगड तीनच का, तेही यातच आलं. चौथा ठेवला की पातेलं डुगडुगायला लागतं.) कॅडमध्येही तसंच करावं. दुसऱ्या भोकाला कॉन्सेंट्रिक लावूच नये, त्याचा अक्ष दोन्ही पिनांमधून जाणाऱ्या प्रतलावर ठेवावा, बस्स.

सॉलिडवर्क्सने २०१८ च्या आवृत्तीत अशी न जुळणारी भोकं चालवून घेणारा 'मिसअलाइन्ड' मेट दिला. सोय चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण ती वापरण्याआधी ड्रॉइंगमध्ये दुसरं भोक लांबट किंवा थोडं मोठं केलंय का, एवढं तरी बघा. "वेळ कुठे आहे?" हे उत्तर मला पटत नाही. याच लोकांना प्रत्येक बोल्टचं फिरणं बंद करत बसायला भरपूर वेळ असतो. ते खुशाल मोकळं सोडा. बोल्टचं डोकं कुठल्या कोनात थांबलं, याचं फिटरला काही सोयरसुतक नसतं.