अडकलेल्या बंदुकीची वही

आमचे मामा फौजेत होते. पण त्यांनी कुणावर गोळी झाडल्याची गोष्ट मी कधी ऐकली नाही. ते आर्मरर होते, म्हणजे बिघडलेली हत्यारे दुरुस्त करणारे कारागीर. निवृत्त होऊन अंबड तालुक्यातल्या आपल्या गावी आले ते एक पत्र्याची पेटी आणि एक सवय घेऊन. कुठलेही यंत्र अडले, की पान्याआधी हातात पेन्सिल घ्यायची, ही ती सवय.

त्या सवयीची ओळख मला विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने करून दिली. इंजिन सारखे बंद पडत होते. मी वैतागून म्हणालो, "मामा, देशी माल असाच. जरा जास्त पैसे टाकून चांगले घ्यायला हवे होते."

मामांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "कधी बंद पडतंय? चालू केल्या केल्या, का घटकाभरानं?"

"अर्ध्या तासानं."

"परत लगेच चालू होतंय?"

"नाही. चहा पिऊन आलं की होतं."

एवढे वहीत लिहून झाल्यावर त्यांनी डिझेलच्या टाकीचे झाकण काढले. हवा आत जाण्यासाठी झाकणाला जे बारीक भोक असते, ते मातीने बुजले होते. डिझेल जसजसे खाली उतरे, तसतशी टाकीत पोकळी होई आणि धार तुटे. मामांनी काडीने भोक मोकळे केले आणि म्हणाले, "इंजिनाला शिव्या देऊन झाल्या असतील, तर पाणी सोड आता."

संध्याकाळी ओट्यावर त्यांनी बंदुकीची गोष्ट सांगितली. १९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी जुनी ‘थ्री नॉट थ्री’ होती. त्यानंतर कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात बेल्जियन घाटाची अर्धस्वयंचलित रायफल तयार होऊ लागली. तीच ‘एसएलआर’. गोळी सुटली, की नळीतला थोडा तप्त वायू एका बारीक भोकातून निसटून दट्ट्याला मागे ढकलतो आणि दट्ट्या बोल्टला. रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. मग स्प्रिंगच्या जोराने बोल्ट पुढे येतो आणि येताना मॅगझिनमधले नवे काडतूस आत बसवतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी! या फेऱ्यात एक पाऊल चुकले, की बंदूक अडली.

चुकायला वाटा अनेक. मॅगझिनचे तोंड वाकलेले असेल, काडतूस सदोष असेल, काजळी साचून वायूचा रस्ता अरुंद झाला असेल, थंडीत तेल घट्ट झाले असेल. मामांचा नियम होता : "आधी मॅगझिन, मग काडतूस, मग साफसफाई. बंदूक शेवटची आरोपी." आणि लगेच बोट वर करून ते पुढचे वाक्य बोलत : "पण आरोपी आहेच. तिला तपासल्याबिगर सोडायचं नाही."

हे दुसरे वाक्य आपण देश म्हणून विसरलो, असे माझे मत आहे.

आपली खऱ्या अर्थाने घरची रायफल म्हणजे ‘इन्सास’. तिचा आराखडा पुण्याच्या पाषाणमधल्या संरक्षण संशोधन संस्थेत झाला. १९९९ च्या कारगिल युद्धात ती उंच बर्फाळ शिखरांवर पोचली आणि तक्रारी आल्या : थंडीने प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जातात, गोळी अडकते, तेलाचे शिंतोडे डोळ्यांत उडतात. २००५ मध्ये माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत मोठी प्राणहानी झाल्यावर नेपाळी सैन्याने हीच रायफल बंद पडल्याचे सांगितले. आपल्याकडून उत्तर गेले, की दोष हत्याराचा नाही, वापराचा आणि निगराणीचा आहे.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याला फार आवडते. त्या उत्तरात तथ्य नव्हतेच, असे मी म्हणत नाही. मळकी बंदूक अडणारच. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते, आणि ते ओळंबा लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेवरही ही वेळ आली होती. १९६० च्या दशकात व्हिएतनाममध्ये त्यांची नवी ‘एम-१६’ ऐन लढाईत अडू लागली. तिथेही पहिले बोट शिपायाकडेच गेले : साफ ठेवत नाहीत! पण शिपायांनी घरी पत्रे लिहिली, ती लोकप्रतिनिधींपर्यंत गेली आणि १९६७ मध्ये संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. मूळ चाचण्यांनंतर काडतुसातली दारू बदलली होती. काडतूस बसते त्या कप्प्याला क्रोमचा मुलामा नव्हता. आणि साफसफाईची साधने पुरेशी दिलीच नव्हती. मुलामा आला, साधने आली. विल आयस्नर या नामवंत चित्रकथाकाराने बंदुकीची निगा शिकवणारी पुस्तिका चितारली. त्याच घराण्याच्या रायफली पुढे अनेक दशके वापरात राहिल्या. शिपायाला शिकवले आणि बंदूकही सुधारली, दोन्ही केले.

आपण काय केले? ‘इन्सास’मध्ये सुधारणा झाल्या, नाही असे नाही. पण अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ ‘एके-२०३’ रायफलींचा करार झाला. त्या उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा इथे तयार होतात, पण घाट रशियन. जवानाच्या हाती भरवशाचे हत्यार यावे, याला कोण नाही म्हणेल? प्रश्न इतकाच, की आपली रायफल अडली तेव्हा कुठे, कशाने, किती वेळा अडली, याचा जमाखर्च लोकांसमोर मांडला गेला का? तो मांडला नाही, तर पुढचा आराखडा करणारा अभियंता कुठल्या वहीतून शिकणार?

हा प्रश्न दिल्लीचा वाटेल. पण तो आमच्या जालन्याचा आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ इथेच आहे. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी मुले पाहिली, की मला त्यांच्या आया आठवतात. राखीव बलाच्या तुकड्या गडचिरोलीच्या जंगलापर्यंत बंदोबस्ताला गेल्या आहेत. अशा मुलाच्या हातातली रायफल अडली, तर ती बातमी त्या आईच्या घरी येते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या नेमबाजीच्या सरावातल्या उणिवांवर बोट ठेवले होते. सराव नसेल, तर बिघाडही कळत नाही; तो कळतो थेट रणात. म्हणून माझे म्हणणे साधे आहे. शिपायाला सरावाला पुरेशी काडतुसे द्या. प्रत्येक हत्याराबरोबर एक वही द्या. बंदूक अडल्याची नोंद करणाऱ्याला ‘तूच नीट ठेवली नाहीस’ असे ऐकावे लागणार नाही, एवढी हमी द्या. आणि ती वही आराखडा करणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचू द्या.

घरच्या वस्तूला नावे ठेवणे ही एक चूक. मी ती विहिरीवर केली होती. घरची म्हणून तिचा दोष झाकणे ही दुसरी. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण बंदुकीची मूठ झाकून चालत नाही.

मामा आता नाहीत. त्यांची पेटी माझ्याकडे आहे. पाने गंजले, वही मात्र शाबूत आहे. शेवटच्या पानावर माझ्या इंजिनाची नोंद आहे : ‘टाकीचे भोक बुजले. इंजिन निर्दोष.’ त्याखाली, जरा लहान अक्षरात : ‘झाकण बदलावे. भोक फार खाली आहे, माती बसणारच. कारखान्याला कळवणे.’

आणि त्यांनी खरेच पोस्टकार्ड टाकले होते.