‘आज’ची जात कोणती?

मार्वेहून खाडी ओलांडून मनोरीला उतरले, की कोळी आणि ईस्ट इंडियन वस्तीतली मराठी कानी पडते. ‘आज’ बोटीला उशीर, ‘रविवारी’ गर्दी, ‘नारळी पौर्णिमेनंतर’ मासेमारी. बोलणाऱ्याला व्याकरणाची आठवणही नसते, पण त्याचे व्याकरण चोख असते. दिवसाचे नाव ‘रविवार’. त्या दिवशी काही घडले, की ‘रविवारी’. ‘आज’ला मात्र असे काही करावे लागत नाही.

इंग्रजीतही नेमके हेच आहे. ‘संडे’ला ‘ऑन’ लागते, ‘टुडे’ला लागत नाही. तरीही ‘ऑन टुडे’ लिहिणारी मराठी मुले मी पाहिली आहेत. आपण म्हणतो, मुलांचे इंग्रजी कच्चे. माझ्या मते कच्ची आहे ती आपली शिकवण्याची रीत. मुलाच्या तोंडी असलेला नियम त्याला कोणी दाखवतच नाही.

गोंधळाचे मूळ ‘शब्दांच्या जाती’ पाठ करून घेण्यात आहे. ‘टुडे’ म्हणजे क्रियाविशेषण, असे घोकलेले मूल ‘टुडे इज संडे’ या वाक्यात तोच शब्द कर्ता झालेला पाहून गडबडते. ‘डेली’ तर विशेषण, क्रियाविशेषण आणि नामही. आपल्या हातातले हे दैनिक इंग्रजीत ‘डेली’च! पण आपल्याकडे तरी वेगळे काय? ‘रोज येतो’मधला रोज निराळा आणि मजुराला ‘रोज किती?’ विचारतो तो निराळा. ‘आधी जेव’ आणि ‘जेवणाआधी’ यांतही तेच. शब्दाची जात जन्माने नव्हे, वाक्यातल्या कामाने ठरते. माणसांच्या बाबतीत हे अजूनही आपल्या पुरते गळी उतरलेले नाही, ते असो.

अर्थात दोन्ही भाषा सर्वत्र जुळत नाहीत. ‘गेल्या रविवारी’ म्हणताना आपला प्रत्यय टिकतो. ‘लास्ट संडे’पुढे मात्र ‘ऑन’ गळून पडते. ‘सकाळी’, ‘रात्री’ यांचे रूप आपल्याकडे एकाच धाटणीचे. इंग्रजीत सकाळीला ‘इन द’, रात्रीला ‘अ‍ॅट’. मूल नेमके इथे अडखळणार, हे मराठी जाणणाऱ्या शिक्षकालाच आधी कळते.

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. तर्खडकर भाषांतर पाठमालेने पुढे कित्येक पिढ्यांना मराठीचे बोट धरून इंग्रजी शिकवले. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हा इंग्रजी हवे की नको, हा वाद संपला. ते कोणत्या वाटेने शिकवायचे, एवढाच प्रश्न उरला. त्यासाठी इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर उभे करू नये. फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत: ‘रविवार आला’ आणि ‘तो रविवारी आला’. पुढचे बरेचसे मूल स्वतःच शोधून काढील.