एकाच टाकीचे पाणी

१ नोव्हेंबर २०१२ रोजी नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका घेऊन एकटेच मुंबईहून निघाले, आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस परतले. नेमके हेच पाच महिने जालना जिल्ह्याने भीषण दुष्काळात काढले. शहराला पाणी पुरवणारा घाणेवाडीचा तलाव आटला होता. गावोगाव टँकरची वाट पाहिली जात होती. अशा वेळी आपले कार्यकर्ते मित्र विचारतात की, घागरभर पाण्यासाठी माणसे वणवण करीत असता सरकारी खर्चाने समुद्रावर साहसे करण्याची ही चैन कशासाठी?

आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु तो चुकीच्या जागी घेतला जात आहे. या उपक्रमाची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते राहिले ते फलटण तालुक्यातील विंचुर्णीस, म्हणजे अवर्षणाशी परिचित अशाच मुलखात. नौका बांधली गेली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या लहानशा गोदीत. अशा नौकेचा पूर्वानुभव नसलेल्या कारागिरांच्या हातून. बांधणीच्या काळात तेथे राबलेले दिलीप दोंदे हेच पुढे २००९-१० साली, चार बंदरांत थांबत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. या प्रवासामागे कुणा धनिकाचा छंद नाही. कारागिरांचे श्रम आणि जनतेचा पैसा आहे. म्हणूनच त्यातून आपण काय घ्यावे, हे विचारण्याचा अधिकार जालन्यालाही आहे.

वृत्तपत्रे लाटांची आणि वादळांची वर्णने करतात. वस्तुतः असा प्रवास पार पडतो तो हिशेबाच्या बळावर. वारा फुकट मिळतो. गोडे पाणी, शिधा आणि डिझेल मात्र मोजकेच असते. टॉमींच्या प्रवासाच्या उत्तरार्धात टाकीतील पाण्यात डिझेल मिसळले. तेव्हा उरलेले थोडके पाणी मापून आणि पावसाचे पाणी साठवून त्यांना दिवस काढावे लागले. पुढे २०१७-१८ साली ‘तारिणी’वरून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २५४ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण केली. हिंदी महासागरात सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा ठरलेला बेत बदलून त्यांना मॉरिशसला थांबावे लागले. अशा नौकेत पाण्याची वाटणी ठरविणाराही त्याच टाकीचे पाणी पितो. तेथे समतेवर व्याख्यान द्यावे लागत नाही. हिशेब चुकला, तर चुकविणाराही तहानेला राहतो.

जालन्यात नेमके उलटे घडले. पाण्याचे नियोजन करणाऱ्यांच्या घरची टाकी वेगळी होती आणि टँकरसमोर रांगेत उभ्या असलेल्या बाईची घागर वेगळी. मराठवाड्यात माणसे तहानेली असताना उसाचे गाळप चालू होते आणि खासगी टँकरवाल्यांचा धंदा तेजीत होता. पाऊस कमी पडला हे खरेच. पण जे होते त्याची मोजदाद कोणी केली, आणि कोणाला विचारून वाटले, याचा जाब कोणी दिला नाही. समुद्रावरच्या नौकेला ही बेफिकिरी एक आठवडाही परवडली नसती.

तेव्हा साहसाचा खर्च मोजत बसण्यापेक्षा कार्यकर्त्यांनी त्या नौकेची शिस्त आपल्या गावात आणावी. पावसाळा सरताच ग्रामसभेने विहिरी, तलाव आणि बंधारे यांतील पाण्याचा ताळेबंद जाहीरपणे मांडावा. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे, मग गुरांचे, आणि उरलेल्यात पीक ठरवावे. वाटपाच्या समितीत घागर वाहणाऱ्या स्त्रियांना बहुमत द्यावे. टंचाई जाहीर झाली की तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनीही त्याच टँकरचे पाणी घ्यावे, अशी मागणी प्रत्येक तहसील कचेरीवर नेली पाहिजे. पुढच्या अवर्षणाची वाट पाहून हे काम होणार नाही. ते पाणी असतानाच करावयाचे आहे.