जुन्या यंत्रावर नवी प्रणाली

रत्नागिरीहून एक वाचकभगिनी लिहितात कीं, घरांतील संगणक दहा वर्षांचा. बागेचा जमाखर्च, मुलांचा अभ्यास, सारें त्यावरच. विंडोज १० ची नित्याची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. आतां विंडोज ११ कसेंही करून बसवावें काय?

ती प्रणाली टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व इंटेलचा बहुधा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर मागते. रूफस नांवाच्या साधनानें ही तपासणी चुकवितां येते खरी. परंतु अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाहीं. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात, त्या यंत्रास हा मार्ग आम्हांस पसंत नाहीं.

त्यापेक्षां लिनक्स मिंट पाहावें. तें विनामूल्य असून चार जीबी रॅमवर चालतें. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यास मूळ डिस्कला हात न लावतां त्याची परीक्षा घेतां येते. मराठी टंकलेखनाचीही सोय आहे. मात्र जमाखर्च टॅलींत असेल तर तें त्यांत सरळ चालणार नाहीं, हें मामंजींच्या कानांवर आधींच घालावें!

कांहींही ठरलें तरी प्रथम हिशेब व छायाचित्रें बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीं व तीं उघडतात कीं नाहीं तें पाहावें. आणि वीज घडोघडीं जाते अशा पावसाळी दिवशीं हें काम काढूं नये.