स्वादुपिंडाला कळतं कसं?

'स्वादुपिंडाचे कार्य लिहा' या प्रश्नाचं उत्तर मुलं दोन ओळींत लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. पण जठरातलं अन्न आतड्यात उतरलं, हे स्वादुपिंडाला कळतं कसं, असं विचारलं की वर्ग शांत होतो. माझं स्पष्ट मत आहे, की धड्याची सुरुवात याच प्रश्नाने व्हावी.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञही म्हणत होते, की हा निरोप चेतातंतूच नेतात. रशियातल्या पावलॉव्ह यांचंही तेच मत होतं. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे चेतातंतू तोडले, रक्तवाहिन्या मात्र शाबूत ठेवल्या. त्या भागात सौम्य आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंड स्रवू लागलं! मग निरोप गेला कुठून? रक्तातून. त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून आम्लात घोटलं, गाळलं आणि तो अर्क रक्तात टोचला. पुन्हा रस आला. त्या रसायनाला त्यांनी नाव दिलं 'सिक्रेटिन'. पुढे १९०५ मध्ये अशा रासायनिक निरोप्यांसाठी स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हा शब्द वापरला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. पावलॉव्ह यांनीही प्रयोग करवून पाहिला आणि निष्कर्ष मान्य केला.

निरोप काय असतो, तेही सोपं आहे. आतड्यात आम्ल आलं की सिक्रेटिन सुटतं. स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त पाणी सोडतं, आम्ल उदासीन होतं आणि मग निरोपही थांबतो. अन्नातल्या मेद आणि प्रथिनांमुळे कोलेसिस्टोकायनिन हे दुसरं संप्रेरक सुटतं, ते विकरं पाठवायला सांगतं. असा दिवसाला साधारण दीड लिटर रस तयार होतो.

काही शिक्षक म्हणतील, 'अभ्यासक्रम संपवायचा की गोष्टी सांगायच्या?' अहो, या एका गोष्टीत पचन, रक्ताभिसरण, संप्रेरकं आणि आम्ल-आम्लारी अभिक्रिया असे चार धडे जोडले जातात. शिवाय मोठ्या शास्त्रज्ञाचं मतही पुराव्यापुढे बदलतं, हे मुलांना दिसतं. पाठांतरातून ते कधीच दिसणार नाही.

पालकांनाही एक विनंती. 'उत्तर पाठ झालं का?' असं विचारण्याऐवजी 'हे कुणी, कसं शोधलं?' असं विचारून बघा. उत्तर आलं नाही तरी चालेल, दुसऱ्या दिवशी मूल तो प्रश्न घेऊन वर्गात येईल. आम्हा शिक्षकांना तेच हवं आहे.