मी आत्ता कुठल्या मशीनवर आहे?

मी कॉन्व्हेंटवाली. मराठी विभागाला लेख देतेय म्हटल्यावर रूममेटने विचारलं, "शुद्धलेखन कोण तपासणार?" तर मित्रमैत्रिणींनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. ज्या चुकीबद्दल लिहितेय, ती मात्र पोटात घालण्यासारखी नव्हती.

गोष्ट गेल्या सेमिस्टरची. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री, दीड वाजता, माझ्या लॅपटॉपवर टर्मिनलच्या दोन विंडो उघड्या होत्या. एक माझ्याच मशीनची, दुसरी एसएसएच करून लॅबच्या सर्व्हरवर गेलेली. दोन्ही काळ्या, दोन्हीत पांढरी अक्षरं. लॅपटॉपवर जागा उरली नव्हती, म्हणून रिझल्ट्सच्या फोल्डरची कॉपी उडवायची होती. आरएम कमांड दिली, एंटर दाबलं. ती विंडो सर्व्हरची होती. प्रोजेक्टचं लॉगिन दोन ग्रुपना सामाईक, त्यामुळे सेकंड इयरच्या मुलींची रीडिंग्ज त्याच फोल्डरमध्ये. आणि आरएमने उडवलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही.

खरं सांगते, दहा मिनिटं मी गप्प बसून राहिले. सर्व्हरच गंडला असेल, असं म्हणून सुटताही आलं असतं. शेवटी खाली जाऊन त्यांचं दार वाजवलं. "ताई, सगळंच गेलं?" एवढंच ती म्हणाली. रविवारच्या बॅकअपमधून बरंच परत मिळालं, पण चार दिवसांचं काम त्यांना पुन्हा करावं लागलं.

यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला: "लक्ष देत जा." माझं मत असं की हा सल्लाच नाही. मशीनचं नाव प्रॉम्प्टमध्ये होतंच की! पण जी गोष्ट दिवसभर डोळ्यांसमोर असते ती आपण वाचत नाही. रात्री दीड वाजता तर नाहीच. लक्ष ठेवायचं काम माणसापेक्षा मशीनला द्यावं.

आपण ज्याला टर्मिनल म्हणतो ते खरं तर टर्मिनलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. 1978 साली डेक कंपनीचा व्हीटी100 आला, तो खरोखरचा डबा होता, स्क्रीन आणि कीबोर्डवाला. आजचे टर्मिनल एम्युलेटर अजून त्याचीच भाषा बोलतात. फरक एवढाच की आता एका स्क्रीनवर असे चार डबे मावतात आणि चारही जुळ्या भावंडांसारखे दिसतात.

यावर उपाय म्हणजे प्रोफाइल. रंग, फॉन्ट वगैरे सेटिंग्जचा संच म्हणजे प्रोफाइल. तो मेनूतून बदलता येतो, पण घाईत मेनू कोण उघडतंय? म्हणून तो कमांडने बदलायचा. ग्नोम टर्मिनल सुरू करतानाच प्रोफाइलचं नाव देता येतं. केडीईच्या कन्सोलमध्ये कन्सोलप्रोफाइल नावाची छोटी कमांड आहे, ती चालू टॅबचीच सेटिंग्ज बदलते. मॅकवरच्या आयटर्म2 मध्ये सेटप्रोफाइल असलेला एस्केप सिक्वेन्स छापला की झालं. आणि काहीच नसेल तर बहुतेक एम्युलेटरना चालणारी युक्ती म्हणजे एस्केप, बंद होणारा चौकोनी कंस, 11, सेमीकोलन, रंगाचं नाव आणि शेवटी बेल कॅरेक्टर. एवढं प्रिंटएफने छापलं की मागचा रंग बदलतो. 11 च्या जागी 10 टाकलं तर अक्षरांचा. 111 आणि 110 ने मूळ रंग परत येतात, तेव्हा रंगाचं नाव द्यावं लागत नाही.

मी बॅशआरसीमध्ये एसएसएच नावाचंच फंक्शन लिहिलंय. ते आधी रंग बदलतं, मग खरी एसएसएच चालवतं, ती संपली की रंग परत आणतं. कनेक्शन मध्येच तुटलं तरी एसएसएच संपतेच, म्हणून रंगही परत येतो. मला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही.

दोन गोष्टी मात्र अनुभवाने कळल्या. आधी मी गडद लाल रंग ठेवला होता. आमच्या ग्रुपमधल्या एकाला लाल रंग नीट दिसत नाही, त्याच्यासाठी लाल आणि काळा जवळपास सारखेच. म्हणून आता फिकट पिवळ्यावर काळी अक्षरं. दुसरं म्हणजे प्रत्येक मशीनला वेगळा रंग देत बसू नका. होळी झाली की कशालाच अर्थ राहत नाही. जिथे दुसऱ्याचं काम आहे, तिथेच पिवळा.

आता लॅबच्या सरांना विनंती. सर, भिंतीवर "काळजीपूर्वक काम करा" अशी पाटी आहे, ती राहू द्या. पण सामाईक लॉगिनच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये या दोन ओळी टाकल्या, तर जो कोणी आत येईल त्याची विंडो आपोआप पिवळी होईल. खर्च शून्य. आणि जमलं तर प्रत्येक ग्रुपला वेगळं लॉगिन द्या, कारण रंगाने फक्त इशारा मिळतो, हात धरला जात नाही.

त्या मुलींनी मला माफ केलं. बाकीच्यांनी निदान फंक्शन तरी कॉपी करून न्या. दोनशे चार नंबरची रूम, रात्री दीडपर्यंत जागीच असते.